फोटोतला हात

३ नोव्हेंबर, सोमवार

आज चहाच्या कपाने जीव खाल्ला! काल शूटिंगमध्ये आईच्या हातातला कप अर्धा होता, आज कुणीतरी काठोकाठ भरला. मी ओरडलो, ‘कट!’ — म्हणजे दिग्दर्शिकेचा शब्द मीच उचलला. सगळे बघत राहिले. सिनेमात आई झालेल्या बाई, वय चौऱ्याहत्तर, म्हणाल्या, ‘ओरडू दे हो. तेवढा एकच जण माझ्याकडे नीट बघतो.’

माझं कामच ते. मागचा शॉट पुढच्याशी जुळला पाहिजे. कप, बटणं, भांग — सगळं वहीत लिहितो.

गोष्ट मात्र झकास आहे. तीन भावंडांचा एकमेकांशी अबोला, म्हणून आई बहिरी झाल्याचं सोंग घेते. तिला काही सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडलं की बाकीच्या दोघांनाही ऐकू जातं! युनिट हसून बेजार. मी वहीत मान घालून बसलो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भिंतीवर धाकट्या मुलाचा लहानपणचा फोटो हवा होता. मी माझा दिला. वय तीन, स्टुडिओतलं उंच स्टूल, तोंड रडवेलं. कडेने एक हात आला आहे, त्यावर आईचं घड्याळ. त्या हाताने माझा सदरा पाठीमागून घट्ट धरला आहे. बाकी आई चौकटीबाहेर.

आठवीत दुसऱ्यांदा नापास झालो आणि शाळा सुटली, त्या दिवशी हा फोटो घेऊन माळ्यावर बसलो होतो. त्या हातावर बोट ठेवून. कुणाला सांगितलेलं नाही.

बाई फोटो बघून म्हणाल्या, ‘ध्यान आहे अगदी!’

५ नोव्हेंबर, बुधवार

युनिटचा मॅनेजर फॉर्म घेऊन आला. फोटोत जो दिसेल त्याची लेखी परवानगी लागते. मी सही केली. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

‘आणि हा हात कुणाचा?’

‘आईचा.’

‘मग आईची सही आण. हातालाही मालक असतो बाबा!’

फोटोचं दृश्य शुक्रवारी सकाळी आहे. त्याआधी हवी.

घरी आल्यावर आईपुढे फॉर्म ठेवला. तिने फोटो खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

‘हा माझा हात नाही.’

‘घड्याळ तुझं आहे की!’

‘घड्याळ माझं. हात ताईचा. मला कारखान्यातून सुट्टी कुठली? बालवाडीत घालायला तुझा फोटो हवा होता. तीच घेऊन गेली, शाळा बुडवून. वेळेत परत ये म्हणून मी घड्याळ दिलं.’

‘कधी बोलली नाहीस!’

‘तू विचारलंस कधी?’

भिंग घेऊन बसलो. घड्याळ अर्ध्या हातापर्यंत सरकलेलं. बोटं बारीक, नऊ वर्षांच्या मुलीची. एका नखाला शाई. आणि मी दिवसभर लोकांच्या कपातला चहा मोजतो!

ताईशी दोन वर्षं बोललेलो नाही. आईच्या गोळ्यांचा डबा मी लावला होता, तिने तो उपसून पुन्हा लावला. मी आवाज चढवला. ती म्हणाली, ‘आठवी नापासाने मला शिकवू नये.’ मी म्हणालो, ‘या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस.’ तिने टाकलं नाही. रविवारी तिचा फोन येतो. आई घेते, मी गच्चीवर जातो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मॅनेजरला सांगितलं, सहीची अडचण आहे. ‘मग हात कापून टाक,’ म्हणाला. म्हणजे फोटोची कड. जेमतेम एक इंच. कुणाला कळणारही नाही.

कोरा कागद ठेवून पाहिलं. हात झाकला की स्टुलावरचा पोरगा पडायला आल्यासारखा दिसतो. चार वेळा झाकला. चारही वेळा पडला!

बाईंनी विचारलं, ‘तोंड का उतरलंय? भांडलास कुणाशी?’

‘बहिणीशी. दोन वर्षांपूर्वी.’

‘मग माझ्यासारखं बहिऱ्याचं सोंग घे.’

घेतलंच आहे की. दोन वर्षं.

कड कापणार नाही. सहाला काम संपलं की तिच्याकडे जातो. फॉर्म दोन घेतले आहेत — एक चुरगळला तर.

६ नोव्हेंबर, गुरुवार, साडेसात

ताईच्या जिन्यात बसून लिहितो आहे, अक्षर वाकडं येतं आहे. दार उघडल्या उघडल्या तिने विचारलं, ‘आईला काय झालं?’ मी फोटो पुढे केला. तिने तो दिव्याखाली धरला. मग म्हणाली, ‘केवढा वळवळत होतास! हात भरून आला होता माझा.’ फॉर्म आणि पेन दिलं तर घेईना. ‘सही इथे नाही करायची. आईसमोर करीन. थांब, चपला घालते.’