नऊ पाट्या आणि उजवा हात

रविवार, १ डिसेंबर १९९६

हरलो! तेही रोह्यावाल्यांकडून, तेही आपल्या गडबच्या शेतात. पार लाज गेली.

नऊ पाट्यांत ताटली टाकायला मला अडतीस फेकी लागल्या, प्रविणला एकतीस. हा प्रविण रोह्याच्या केमिकल कंपनीत असतो. वय पंचवीस, केसांचा तुरा कपाळावर. मागच्या थंडीत मी त्याला ओळीने चार रविवार लोळवला होता. आज जाताना म्हणतो, "काका, आता वय झालं तुमचं!" काका असेल तुझा बाप!

घरी आलो तर आमची बायको, चंद्रावती, हसायला तयारच. "बांबूला पाट्या टांगायच्या, लांबून प्लास्टिकची ताटली फेकत फेकत तिथवर जायचं, नि पाटीत पडली की टाळ्या. शेंबडी पोरं बरी!" कितीदा सांगितलं हिला, स्वीडनचा साहेब आमच्या कंपनीत मशिनं बसवायला आला होता, त्याने शिकवलं. जाताना अकरा ताटल्या देऊन गेला. तिकडे याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. कमीत कमी फेकीत नऊ पाट्या पुऱ्या करायच्या, डोकं लागतं त्याला. ती म्हणते, "तिकडं बर्फ पडतो, कामं नसतील."

खरं काय ते इथे नाही लिहायचं तर कुठे लिहायचं? वयाबियाचं काही नाही. ताटली हातातून वेळेवर सुटत नाही. मी सोडतो तेव्हा ती सुटत नाही, जरा मागून सुटते. म्हणून सगळ्या डावीकडे जातात.

मंगळवार, ३ डिसेंबर

उजव्या हाताचा अंगठा. नुसता बसलो की आपोआप बोटावर फिरतो, माळ ओढल्यासारखा. हात मांडीखाली दाबून बसलो की थांबतो. दिवाळीपासून चाललंय.

क्रेनच्या केबिनमध्ये मात्र दिसत नाही. दांडा हातात धरला की हात गप्प. बारा वर्षं क्रेन चालवतोय, हाताला सवय आहे. असं मी स्वतःला सांगतो.

रविवार, ८ डिसेंबर

रोह्याला खेळ. पस्तीस फेकी. प्रविणही पस्तीस. बरोबरी म्हणजे हार नव्हे.

गुरुवार, १२ डिसेंबर

झोप नाही, बसवत नाही, चैन नाही. दोनदा वडखळ नाक्यापर्यंत चालत जाऊन आलो, काही काम नसताना. पानवाला विचारतो, "कुणाची वाट बघताय?" कुणाची नाही रे बाबा.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला कंपनीत मेडिकल आहे. क्रेनवाल्यांचे डोळे, कान, हात — सगळं बघतात. आम्ही ठेक्यावरची माणसं. अनफिट म्हणजे दुसऱ्या दिवसापासून घरी. घरी बसून मी काय करू? शेत भावाकडे, मिठागर बापाबरोबर गेलं. मला येतं ते एकच, चाळीस फुटांवर बसून वीस टनांचा माल अंड्यासारखा खाली ठेवायचा.

रविवार, १५ डिसेंबर

आज काशीबाईने कहर केला!

चौथ्या पाटीच्या बाजूला तिचा वाल पेरलेला आहे. भात निघाल्यावर शेतं कुणालाही मोकळी, पण वाल टाकला की त्या तुकड्यात पाय ठेवायचा नाही, हा गावचा नेम. आम्हीही नियम केलाय, ताटली वालात गेली की एक फेक जास्त धरायची. पण काशीबाईचा कायदा वेगळा. ताटली वालात पडली की ताटली तिची! माझी पडली, अर्थात डावीकडे. बांधावरून हाक मारली, "काशीआते, दे गो तेवढी."

"नाय देत. माझं रोप मोडलंस."

"एक रोप गो आते!"

"एक काय नि शंभर काय! आधी एक वाफा खुरप, मग बोल."

तिच्या घरात तीन ताटल्या आहेत. हंड्यांवर झाकण घातल्यात. म्हणते, स्टीलपेक्षा बऱ्या, आपटल्या तरी वाजत नाहीत.

रघू गेला खुरपायला. मी म्हटलं माझी ताटली, मी जातो, तर म्हणे, "तू खेळ दादा, मी येतो उरकून." रघू म्हणजे माझा खलाशी. क्रेनखाली उभा राहून मला हाताने खुणा देणारा — वर घे, खाली घे, मूठ मिटली की थांब. सात वर्षं मी वर आणि हा खाली. रविवारीही जोडीला तोच. तो पुढे पाटीजवळ उभा राहतो, वारा बघून तशाच खुणा करतो, मी फेकतो. आज आमच्या बत्तीस, प्रविणच्या तेहतीस. जिंकलो! पण आनंद म्हणावा तसा झाला नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

लिहायला बसलो तर अक्षर एवढंसं येतंय. मोठं काढायला गेलो तरी ओळीच्या शेवटी बारीक होतंच.

आज पत्र्यांचा गठ्ठा खाली घेताना रघूने मूठ दाखवली. मी दांडा सोडला. म्हणजे सोडला असं मला वाटलं! हात मागे राहिला. गठ्ठा हातभर जास्त खाली आला आणि झोका खाऊन रघूच्या खांद्याजवळून गेला. तो दोन पावलं बाजूला झाला म्हणून.

खाली उतरलो. रघू तंबाखू मळत होता. म्हणाला, "वारा होता दादा."

शेडमध्ये वारा कुठला? चारी बाजूंनी पत्रे!

सोमवार, २३ डिसेंबर

पेणला डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं, दात दाखवायला चाललोय. डॉक्टरांनी मला चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले, बोटं टिचकवायला लावली. मग चष्मा काढून पुसत बसले. माणूस चष्मा पुसायला लागला की समजावं.

म्हणाले नसांचा आजार आहे. एकदम काही होत नाही, हळूहळू वाढतो. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. "काम काय करता?" मी म्हटलं, शेती.

का खोटं बोललो? ते काय कंपनीत जाऊन सांगणार होते? भीती वाटली, दुसरं काय! आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती.

मंगळवार, २४ डिसेंबर

चंद्रावती विचारते, दात काढला का. म्हटलं, नाही, औषध दिलंय.

गुरुवार, २ जानेवारी १९९७

नवीन वर्ष आणि नवीन डोकेदुखी.

टाइमऑफिसातला कारकून सहज बोलून गेला — "तुमचा रघू पक्का चिकट हो. तुमची शिफ्ट बदलली की हा अर्ज घेऊन हजर, मला पण तीच द्या. स्टोअरमध्ये बसून करायचं काम देत होते साहेब, तेही नको म्हणाला."

स्टोअरमध्ये पंख्याखालचं काम. ते सोडून धुळीत उभा राहतोय? माझ्याच खाली? कशासाठी?

विचार करकरून डोकं फिरलं. हा माझ्यावर नजर ठेवतोय! हल्ली जेवतानाही बघावं तेव्हा याचे डोळे माझ्या हातावर. मागे एकदा विचारत होता, क्रेनच्या परीक्षेला काय काय विचारतात. मी कधी चुकतो याची वाट बघतोय, म्हणजे खुर्ची याला. सात वर्षं डब्यातली अर्धी भाकरी दिली मी याला. साप!

रविवार, ५ जानेवारी

रोह्याला जायचं होतं. गेलो नाही. पोट दुखतंय म्हणून निरोप दिला. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. चंद्रावती म्हणाली, "बसा वो जरा, मलाच गरगरायला लागलं."

शुक्रवार, १० जानेवारी

आणखी एक. रघू हल्ली खुणा लवकर करतो. माल जमिनीपासून चांगला दोन हात वर असतानाच मूठ मिटतो! मला काय अंतर कळत नाही? तो शाळकरी होता तेव्हापासून मी क्रेनवर बसतोय. आज चहाच्या वेळी विचारलंच, "घाई कसली तुला?"

"कुठं काय दादा."

"मूठ लवकर दाखवतोस."

"सवय," म्हणाला, आणि ग्लास धुवायला उठून गेला.

माल मात्र जागेवर बसला. पाचही खेपा. हे लिहायला नको होतं, पण खोटं कशाला लिहू.

रविवार, १२ जानेवारी

एकोणतीस फेकी! या थंडीतली सगळ्यांत कमी. प्रविणचं तोंड बघण्यासारखं होतं. रघू पाटीजवळ उभा राहून खुणा करत होता, मी त्याच्याकडे न बघता टाकायचं ठरवलं होतं. पण बघितल्याशिवाय राहवलं नाही. तो दाखवेल तेव्हा सोडली की सरळ जाते. याचाच जास्त राग आला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. रघू तिळगूळ घेऊन घरी आला. मी मागच्या दाराने निघून गेलो. चंद्रावती म्हणते, "बिचारा तासभर बसला होता. तुमच्या दाताचं विचारत होता."

दाताचं! म्हणजे हिने त्याला सांगितलं, आणि दात धड असल्याचं त्याला ठाऊक. रोज माझ्यासमोर बसून जेवतो तो.

रविवार, १९ जानेवारी

रोह्यात हरलो, छत्तीस. सगळे मिळून आता दोघांचे रविवार सारखे झाले. पुढच्या रविवारी गडबला शेवटचा डाव. हरेल त्या बाजूने पोपटी लावायची — वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं मडक्यात भाजायचं, त्यांच्या खर्चाने. काशीबाई म्हणाली, "शेंगा माझ्याच वालाच्या घ्या, पण फुकट नाय!"

सव्वीस तारीख. मग पाच तारखेपर्यंत दहा दिवस.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून सगळे तिकडूनच शेतात आले. बघायला पन्नास माणसं. आठव्या पाटीपर्यंत मी आणि प्रविण बरोबरीत होतो. नववी पाटी फिरून चौथीच्याच बाजूला, वडाच्या पलीकडे, जरा वळवून टाकायची. रघू पुढे जाऊन उभा राहिला. हात वर. मी ताटली धरली, हात मागे नेला, आणि दिसलं, तो माझ्याकडे बघतच नाही. ताटलीकडेही नाही. नुसता माझ्या बोटांकडे बघतोय! डोक्यात अशी तिडीक गेली की मी त्याच्या खुणेची वाट न बघता सोडली. डावीकडे. सरळ काशीबाईच्या वालात.

हरलो.

रोह्यावाले नाचत होते. रघू जवळ आला. "जाऊं दे दादा, व्हतं असं."

मग माझा तोल गेला. पन्नास माणसांसमोर ओरडलो, "खुर्ची पाहिजे ना माझी? मग सरळ माग! चोरासारखा हातावर नजर ठेवून फिरतोस! उद्यापासून माझ्या हुकाखाली उभा राहायचं नाय. समजलं?"

नाच थांबला. काशीबाई हातात ताटली घेऊन बांधावर उभी होती.

रघू म्हणाला, "बरं दादा." एवढंच. चप्पल घातली आणि गेला.

पोपटी झाली. मडक्यातल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास घरापर्यंत येत होता. मी गेलो नाही. बरं वाटायला हवं होतं मनातलं बोलून टाकल्यावर. वाटत नाही.

सोमवार, २७ जानेवारी

रघू आला नाही. त्याच्या जागी खाली दुसऱ्या क्रेनचा खलाशी जनू उभा. मी शिडीला हात घातला तर म्हणाला, "दादा, मी नवा हाय तुझ्याखाली, सांभाळून घे. काल रघू घरी येऊन सगळं समजावून गेलाय. दादाचा हात उशिरा सुटतो, मूठ दोन हात आधी दाखवायची, नि मालाच्या डाव्या अंगाला कधी उभं रायचं नाय. दिवाळीपास्नं तो कुणालाच इथं उभं राहू देत नव्हता. म्हणायचा, दादाचा हात मला कळतो, दुसरा कोण असंल तर मरंल."

शिडीवरून हात काढला. तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उजवा हात त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, बघा. तो हलत होता. मी दाबून धरला नाही.