देवरावच्या वावरातला फुटवा

मंगळवार, माघ १९६१, फुलसावंगी

काल डोळ्याले डोळा लागला नाही. देवराव पाटील काठी घेऊन येईन म्हनून दाराकडंच कान.

दरसाल आमच्या मेंढ्या खतासाठी त्याच्या वावरात बसत. यंदा त्यानं पोत्यातलं खत आनलं, मेंढ्याइची गरज उरली नाही. तरी हसत म्हने, "बसव वैनी, कापल्या ज्वारीले कोवळा फुटवा हाय." तो फुटवा मेंढ्याइले जहर असते, हे सासऱ्याले ठावं होतं. ते वारले, अन् मले हे कोनी सांगतलं नाही. अर्धा कळप तोंडाले फेस येऊन मेला. तो पुन्हा हसला, "कायचे धनगर तुम्ही?"

हे म्हनतात, उरलेल्या विकू. पन मी काल त्याइले पाटलाच्या फुटल्या कापसात सोडलं. एक बोंड ठेवलं नाही. भेव वाटते, पस्तावा नाही. हसन का तो आता?

मले काही झालं तर वाचनाऱ्यानं दिग्रसच्या कापसाच्या जिनात माह्या भावाले फोन लावावा. म्हना, माह्या पोरीले घेऊन जाय.