चेतनाच्या हजेरीची अक्षरं

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार
डायरी, माफ कर. अख्खा जानेवारी कोरा गेला. मला सवड कुठे? रोज सकाळी दहाला चेतनाची हजेरी असते. पोरगी जन्मापासून आंधळी, पण नव्या रायपुरात सरकारी नोकरी, तिथेच क्वार्टर. तिचा मोबाइल सगळं वाचून दाखवतो. हजेरीच्या वेबसाइटवर मात्र वाकड्या अक्षरांचं चित्र येतं, तिथे तो मुका. ती फोटो पाठवून फोन करते, मी अक्षरं सांगतो. आई नाही तिला. मीही नसतो तर पोरीचं काय झालं असतं?

७ फेब्रुवारी
आज तीनदा चुकलं. खातं लॉक. तिची अर्धी रजा कापली. रेल्वेत नंबर टेकर होतो मी, धावत्या मालगाडीच्या डब्यांवरचे नंबर टिपायचो! दोष चित्राचा. चेतना म्हणाली, जाऊ द्या बाबा, जेवले का तुम्ही? पाय दुखून राहिला का? रोज विचारते.

८ फेब्रुवारी
निश्चय. ही वेबसाइट सुधारून घेणारच.

११ फेब्रुवारी
चेतना नको म्हणत होती तरी तिच्या ऑफिसात गेलो. कॉम्प्युटरवाल्या साहेबाला ठणकावलं, आंधळ्याले चित्र दाखवता, लाज नाही वाटत? तो म्हणाला, बाबूजी, मॅडम छह महीने से यही लिख रही हैं, अगले सोमवार से चित्र बंद, मोबाइल पर नंबर आएगा, मोबाइल ही बोल देगा. बघा! मी गेलो आणि काम झालं.
घरी परतून रायपुरातल्या गुढियारीत, आमच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, पेढे वाटले. शेजारचे शामराव पेढा खात म्हणाले, हव, सुटली पोट्टी तुमच्या तावडीतून. जळतो माणूस.

१८ फेब्रुवारी, सोमवार
दहाला फोन घेऊन बसलो. आला नाही. नेटवर्क.

१९ फेब्रुवारी
शामरावांना माझ्या नंबरवर फोन लावायला सांगितलं. वाजला. ते म्हणाले, काहून करंल ते फोन, तिले कामं नाहीत का? त्यांची सिमची कंपनी वेगळी आहे, म्हणून वाजला असेल.

२० फेब्रुवारी
संध्याकाळी चेतनाचा फोन! म्हणाली, बाबा, हजेरी माझी मीच लावली. कोणाले विचारलं नाही, खुद से. किती हसत होती. मीही हसलो. मागून कुणीतरी चेतना दीदी, चलो ना म्हणालं. रविवारी बोलते म्हणाली.

२४ फेब्रुवारी, रविवार
मेसेज आला. मैत्रिणींसोबत बाहेर आहे, उद्या बोलते. बरं झालं. मलाही आज कामं होती.

२५ फेब्रुवारी
दहाला मोबाइलमधले तिचे जुने फोटो उघडून अक्षरं मोठ्याने वाचली. सराव हवा. वेबसाइटचा काय भरवसा, चित्र परत येऊ शकतं. बरोबर वाचली की चूक, सांगायला पलीकडे कुणी नव्हतं.
रात्र झाली, ‘उद्या’ संपला. पोरी, काही अडलं तर लगेच कळव. नाही अडलं तरी अडलं म्हण.