मोकळ्या हवेचा आठवडा

रोहिदास,

हे पत्र तुला देणार नाही. समोरच्याच टॉवरात नवव्या मजल्यावर राहतोस, पण वॉचमनच्या हातात दिलं तर तुला सारसोळ्याच्या कोळीवाड्यात बहीण आहे हे उघडं पडेल.

दिवाळी सरली आणि हवा पालटली. ऊन सोसवतं, सकाळी खाडीवर कोरडा गार वारा असतो. अशा हवेत बोंबील कडक वाळतात, हे तुला काय सांगायचं? लहानपणी तूच दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून द्यायचास आणि मी ते दोरीवर टाकायची.

त्याच हवेपायी तुमच्या लोकांनी एसी बंद करून खिडक्या उघडल्या. परवा सोसायटीची कमिटी माझ्या दोऱ्यांपाशी आली. सगळ्यांच्या पुढे तू, नाकाला रुमाल लावून. म्हणालास, "मॅडम, ये इधर नहीं चलेगा. बहुत बास आता है."

मॅडम! आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी मासळी विकली. घरात मला बाय म्हणतोस ना रे? तरी मी "काढते, साहेब" एवढंच बोलले. चारचौघांत तुझी लाज राखली.

आणि काल दरवर्षीसारखा तुझा ड्रायव्हर सुक्या बोंबलांचा वाटा न्यायला आला! म्हणाला, "तीन पिशव्यांत बांधा. लिफ्टमध्ये वास नको, साहेबांनी सांगितलंय."

यंदा तुझा वाटा दुप्पट दिला. एकाच पिशवीत, तोंड न बांधता. वर जाताना लिफ्ट भरलेली असू दे.

तुझी,
मॅडम