सरांच्या नावाचा नसलेला लघुग्रह

सर,

गेलेल्या सगळ्या शिक्षकांची एक तक्रार असणार, आणि ती रास्त आहे. त्यांच्या माघारी माजी विद्यार्थी त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात, टाळ्या घेतात, आणि त्यांना उठून दुरुस्ती करता येत नाही. तुम्ही तर वर्गात कुणी एकक लिहायला विसरलं तरी खडू खाली ठेवायचात. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुमच्यावर जितकी भाषणं झाली त्यांतली निम्मी मी केली, आणि शेवटचं गेल्या महिन्यात शनिवार पेठेतल्या सभागृहात केलं. त्याबद्दलच सांगायचं आहे.

नववीच्या सहामाहीत तुम्ही पाच गुणांना प्रश्न घातला होता, लघुग्रहांची माहिती लिहा. मी पुरवणी मागून घेऊन अडीच पानं लिहिली. सूर्यमालेतले अनाथ, मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये वणवणणारे निर्वासित, असं बरंच काही. तुम्ही अर्धा गुण दिलात, तोही मंगळ आणि गुरू बरोबर आले म्हणून. पेपर हातात ठेवताना म्हणालात, "भाषा झकास आहे. लघुग्रह कुठे आहे?" वर्ग हसला. त्या वयात माझ्या भाषेला हसलेलं मला चालत नसे, अजूनही चालत नाही. रविवारी मी तुमच्या घरी भांडायला आलो.

तुम्ही मला सरळ स्वयंपाकघरात नेता. काकूंनी कणीक मळून ठेवली आहे. तुम्ही डब्यातून मुठीएवढा कोळसा काढता, परातीतून लिंबाएवढा कणकेचा गोळा तोडता, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवता आणि खिडकी लावून घेता. मला पार बाहेरच्या दारात उभं करून म्हणता, "आता चष्मा काढ." मग बॅटरी मारता. चष्म्याशिवाय मला दोन अंधुक ठिपके दिसतात, बाकी काही नाही. "मोठा कुठला?" तुम्ही विचारता. मी म्हणतो, सारखेच आहेत. "दुर्बिणीतूनही एवढंच दिसतं. नुसता ठिपका. लहान आणि गोरा आहे की मोठा आणि काळा, हे उजेडावरून सांगता येत नाही." मग तुम्ही खिडकी उघडता, दोन्ही वस्तू उन्हात ठेवता, आणि पाऊण तासानं मला हात लावायला सांगता. कोळसा चांगलाच तापलेला, गोळा जेमतेम कोमट. "काळा ऊन पिऊन घेतो, म्हणून तापतो. उजेड मोज, ऊब मोज, मग आकार काढ. हे लिहिलं असतंस तर पाच दिले असते." मागून काकू म्हणतात, "तुमचं विश्व मोजून झालं असेल तर गोळा परत द्या." गोळ्याला तोवर कोळसा लागला होता. ती पोळी मला वाढण्यात आली.

एवढं शिकवलंत, आणि मी काय केलं ते ऐका. काकूंना पंच्याऐंशी पूर्ण झाली. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल-श्रीफळ तर सगळेच देतात, काही वेगळं हवं, असा सूर निघाला. मी म्हणालो, सरांच्या नावाचा लघुग्रह देऊ. सगळे अवाक झाले, आणि लोक अवाक झाले की माझं डोकं चालायचं थांबतं. एका संकेतस्थळावर तुमचं नाव घातलं, दहा मिनिटांत प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, शिक्का, लघुग्रहाचा क्रमांक, खाली कुणाची तरी वळणदार सही. अंगठ्या आणि ताईत विकणाऱ्यांच्या विरोधात मी तीस वर्षं बोलतो आहे. कागद दाखवू नका, पुरावा दाखवा, असं टेबलावर मूठ आपटून सांगतो. पण कागदावर तुमचं नाव होतं, आणि मी कागद फ्रेम करून घेतला. मानपत्र मीच लिहिलं, मीच वाचलं. त्यात लघुग्रहाला तेजस्वी, अढळ आणि दीपस्तंभासारखा म्हटलं. लोक उभे राहिले. दोन जण रडले, त्यांतला एक मी.

चार दिवसांनी तुमच्या नातीचा फोन आला. वाघोलीला इंजिनिअरिंगला आहे, तुमची सगळी खोड तिच्यात उतरली आहे.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तो क्रमांक तुम्ही कुठे चेक केला होतात?"

मी म्हणालो, प्रमाणपत्रावर आहे ना. मग तिनं सांगितलं की लघुग्रहाचं नाव विकत मिळतच नाही. आधी त्याची कक्षा पक्की व्हावी लागते, मग त्याला क्रमांक मिळतो, मग ज्यांनी तो शोधला ते नाव सुचवतात, आणि खगोलशास्त्रज्ञांची समिती ते मंजूर करते. पैसे कुणीच घेत नाही. नाव सोळा अक्षरांत बसावं लागतं. तुमचं बसलं असतं, ती म्हणाली, पण माझ्या विशेषणांना जागा नव्हती.

"मग या क्रमांकाचं काय?"

"तो खरा आहे. पण त्याला आधीच नाव आहे. कुठल्यातरी परदेशातल्या शाळेतल्या बाई आहेत, सायन्स शिकवायच्या."

म्हणजे मी भर सभेत एका अनोळखी बाईंचा लघुग्रह काढून तुम्हाला दिला. आणि गुणधर्म म्हणाल तर तो जवळजवळ कोळशाइतकाच काळा आहे, बटाट्यासारखा वेडावाकडा आहे, आणि कोलांट्या मारत सूर्याभोवती पळतो आहे. "अढळ कुठून काढलंत, काका?" ती म्हणाली. "आणि तो साध्या डोळ्यांनी दिसतही नाही. आजी रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून शेजारणींना आकाश दाखवते. तिला तुम्ही सांगणार की मी?"

मी सांगतो म्हणालो. म्हणालो खरा, पण कात्रजला काकूंकडे पोचेपर्यंत माझं अर्ध्या तासाचं भाषण तयार झालं होतं. काकू सोफ्यावर गवार निवडत बसल्या होत्या. समोर भिंतीवर ती फ्रेम. मी सुरुवात केली, "काकू, श्रद्धा आणि सत्य यांच्यात जेव्हा निवड करायची वेळ येते..."

"मोठं आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही, मोठं असेल तर ती जुडीही घेते निवडायला. मेथी आहे."

मी दोन वाक्यांत सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मला त्याच दिवशी संशय आला होता," त्या म्हणाल्या. "ह्यांना तू तेजस्वी म्हणालास. सावळे होते की रे."

"मग शेजारणींना रोज काय दाखवता?"

"शुक्र. तो दिसतो ना. ह्यांच्याबद्दल विचारलं तर सांगते, तिकडेच असतील कुठेतरी, दिसत नाहीत. असतानाही संध्याकाळी घरी कधी दिसायचे?"

मी हसलो. मला वाटलं सुटलो. मग त्यांनी गवारीचं ताट बाजूला ठेवलं.

"मला सांगितलंस ते चांगलं केलंस. पण माझी काही फसवणूक झाली नव्हती. त्या सभागृहातल्या लोकांची झाली. सहावी-सातवीतली नातवंडं घेऊन आली होती माणसं. ती पोरं शाळेत जाऊन सांगणार, ग्रहाला नाव विकत मिळतं. ह्यांच्या नावावर खोटं विज्ञान खपवलंस, तेही ह्यांचाच विद्यार्थी असून. ते कोण निस्तरणार?"

सत्काराची स्मरणिका निघते आहे, सर. माझं भाषण त्यात पहिल्या पानावर आहे. ती उद्या छापायला जाते. काकूंचं म्हणणं एवढंच, की भाषणाच्या जागी दुरुस्ती छापा, आणि ती माझ्या सहीनं. तीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या चुका शेकडो व्यासपीठांवरून दाखवल्या. माझी एक छापायची म्हटल्यावर पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात ग्राहकांची लूट होती, शिक्षणव्यवस्थेचं अपयश होतं, समाजमाध्यमांवर कडाडून टीका होती. चूक तिसऱ्या पानावर, कंसात होती. दुसरा मसुदा पानाचा झाला. आता तीन वाक्यं उरली आहेत. मी जाहीर केलेला लघुग्रह सरांच्या नावाचा नाही. असं नाव विकत मिळत नाही, आणि मी ते तपासलं नव्हतं. हे मी नम्रपणे कबूल करतो.

हे पत्र पाठवण्याचा प्रश्न नाही. खरं सांगायचं तर ती तीन वाक्यं पाठवायला लागू नयेत म्हणूनच मी सकाळपासून तुम्हाला लिहीत बसलो आहे. तसा मजकूर तयार आहे. फक्त त्यातलं 'नम्रपणे' माझ्या हातून जात नाही. सर, तेवढं खोडा.