सातवी नळी

प्रिय दादा,

बढती घेऊन तू मुख्य कचेरीत गेलास आणि धरणाच्या भिंतीतल्या अकरा नळ्या माझ्या गळ्यात पडल्या, त्याला आठ महिने झाले. नळ्यांत पाणी किती चढलं ते रोज फाइलीत नोंदलं जातं, आणि तुझा प्रोग्राम त्यातली सर्वांत वरची पातळी अहवालात छापतो. पण तो लिहिलास कुठल्या भाषेत, तर जगात चार माणसं वापरत असतील अशा! आकडे ताटांसारखे एकावर एक रचायचे आणि काम करायचं ते वरच्या ताटापासून. ताटं घासणाऱ्याला कळतं ते तुला का कळू नये, असं फोनवर चिडवलंस. शिकले एकदाची. पहिल्याच दिवशी आकडे उलट क्रमाने रचले, वजाबाकी उलटी झाली आणि कागदावर अख्खं धरण समुद्राखाली गेलं. तू पोट धरधरून हसलास.

मग सरावासाठी त्याच भाषेत स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि जुन्या फाइली त्यातून काढल्या. माझी पातळी तुझ्या अहवालापेक्षा दीड मीटर वर! चार वर्षांपासून फरक आहे आणि दर वर्षी तो वाढतोय. पाणी खरंच इतकं चढत असेल तर भिंत आतून पोखरली जातेय, आणि खाली दोन हजार उंबरे आहेत. आधी अर्थातच स्वतःवर संशय घेतला. प्रोग्राम दोनदा नव्याने लिहिला, उत्तर तेच. मग वाटलं, माप घेणारे काका घरी बसून आकडे ठोकत असतील. तीन दिवस त्यांच्या मागे भिंतीतल्या बोगद्यात उतरले. बिचारे गुडघे धरून एकशे चौदा पायऱ्या उतरतात, प्रत्येक नळीत फीत दोनदा सोडतात. मला लाज वाटली, तरी त्यांची वही चाळलीच. सर्वांत वरचा आकडा सातव्या नळीचा; तो वहीत होता, फाइलीतही होता. अहवालात मात्र त्याचा पत्ता नव्हता.

राहिला तुझा प्रोग्राम. तो उघडायचं मी टाळत होते, हे कबूल करते. ओळीओळीशेजारी टीप लिही म्हणून माझे कान पिळणारा तू, आणि नेमक्या एका जागी टीप नाही. सातवा आकडा रचला जातो आणि लगेच 'ड्रॉप', म्हणजे वरचं ताट फेकून दे. नळी खराब असेल, अशी मनाची समजूत घातली. पण मग तू तशी नोंद केली असतीस. तो शब्द घातल्याची तारीख पाहिली. चार वर्षांपूर्वी ज्या अहवालासाठी तुझा सत्कार झाला, त्याच्या आदल्या दिवशीची. दादा, मला तुझा भयंकर राग आला आणि मग रडू आलं.

आज दुपारी काकांनी आणि मी सातवी नळी धुऊन, उपसून पाहिली. तासाभरात पाणी पुन्हा तिथेच, म्हणजे नळी ठणठणीत आहे. फोनवर तू मला गोड बोलून गप्प केलं असतंस, म्हणून हे पत्र काकांच्या हाती पाठवते आहे. धरण ताबडतोब रिकामं करा, असा अहवाल उद्या अकराला मी मोठ्या साहेबांना देणार आहे. आकडा कोणी वगळला, ती ओळ कोरी ठेवली आहे. दहाला ये आणि ती आपल्या हाताने भर. नाही आलास, तर सव्वादहाला मी भरेन.

तुझीच,
धाकटी