भावेशच्या लग्नात भावेश अकरा सेकंद

थळ,
सोमवार

ती. नलूआत्यास परेशचा दंडवत. तुझे गुडघे आता कसे आहेत? लसणाचं तेल चालू ठेव. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त भागुबाई माझ्याशी बोलत नाही.

तू शब्द टाकलास म्हणून तिच्या मुलाच्या, भावेशच्या लग्नाचं काम मला मिळालं, हे मी विसरलेलो नाही. तेवीस वर्षं टीव्ही वाहिनीत माहितीपट करून नोकरी सोडली आणि व्हिडिओ कंपनी काढली, तिचं हे पहिलंच काम. (कंपनी म्हणजे मी, एक कॅमेरा आणि बायकोने नाइलाजाने रिकामं करून दिलेलं अर्धं माजघर.) वाहिनीत एक सवय अंगात मुरली होती. माणसांना ‘इकडे बघा, हसा’ म्हणायचं नाही. जिथे जीव आहे तिथे कॅमेरा लावायचा आणि गप्प बसायचं. भावेशच्या मित्रांनी ड्रोन आहे का विचारलं, तेव्हा मला त्यांची कीव आली होती.

आता त्या मांडवात जीव कुठे होता, तर लग्नविधींचे धवले गाणाऱ्या धवलारीण काशीत. तुझी बालमैत्रीण आहे म्हणून म्हणत नाही. धवल्यातून एकेका देवाला लग्नाला बोलावताना तिने असा काही दम भरला, की त्यांची न यायची हिंमत झाली नसावी. गालातलं पान, सूर न सोडता नवरीच्या मावशीला डोळ्यांनीच ‘तांदूळ कुठेत’ म्हणून विचारणं, सगळं टिपलं. मधे माझ्या पाठीमागे टाळ्या झाल्या आणि डोक्यावर अक्षता पडल्या. लग्न तेव्हा लागलं असावं.

काल भागुबाईच्या ओटीवर पन्नास माणसं जमवून फिल्म लावली. सव्वा तास कोणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, रंगलेत. शेवटी भागुबाई म्हणाली, “काशी बरी गायलीय. पन माजा पोऱ्या कुटं हाय?”

घरी येऊन पुन्हा पाहिलं. भावेश एकूण अकरा सेकंद आहे, त्यातले सात पाठमोरा. नवरी पूर्वीचा हात मात्र स्पष्ट आला आहे, कारण हळद लावायला तो काशीने धरला होता. आत्या, माझ्यापायी तुला भागुबाईसमोर खाली बघायची वेळ आली, याचं फार वाईट वाटतं.

लोभ राहिला असेल तर तसाच राहू दे.

तुझा,
परेश

ता. क. भावेश शुक्रवारी सहा महिन्यांसाठी जहाजावर निघतोय. गुरुवारी मांडव घालून हळद आणि हार पुन्हा करायला भागुबाई कशीबशी तयार झाली आहे, पण धवलारीण हवीच म्हणते. काशी म्हणते, “लागलेल्या लग्नाला देव परत येत न्हाय. हाका कोनाला मारू?” तुझं ती ऐकेल. तेवढी तिची समजूत घाल.

ता. क. २. ती आलीच, तर तूही ये; भावेशला तिच्या मांडीला मांडी लावून बसवायचं काम तुझं. कॅमेरा नवऱ्यावरून हलणार नाही, असं मी भागुबाईला शपथेवर सांगितलं आहे. पण काशीने सूर लावला की तो कुठे वळेल, हे मला माझं ठाऊक आहे.